मुळी हवी, माणूस नको

२०२० च्या पावसाळ्यात पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांमधल्या गुळवेलीची धडगत राहिली नाही. कडुनिंबावर चढलेली, कुंपणाच्या तारेला विळखा घालून बसलेली, कुणाच्या खिजगणतीत नसलेली ही वेल करोनाच्या धास्तीनं रातोरात ‘इम्युनिटी’ झाली. सकाळी फिरायला जाणारी माणसं खिशात चाकू घेऊन निघू लागली. बोटभर काडी ठेचायची, रात्री भिजत घालायची, सकाळी उकळून घरातल्या सगळ्यांनी प्यायची, पोरांनासुद्धा पाजायची. किती दिवस प्यायची, हे कुणी विचारायचं नाही. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे काविळीचे काही रुग्ण आले. दारू नाही, हिपॅटायटिसचा विषाणू नाही. खोदून खोदून विचारल्यावर निघाला तो गुळवेलीचा काढा. अशा ६ रुग्णांची हकिकत डॉक्टरांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की वेल नेमकी कोणती होती याची खातरजमा झालेली नाही. खरी गुळवेल निर्धोक आहे, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची भलतीच वेल पोटात गेली असावी.

तो वाद तज्ज्ञांचा आहे, इथे तो सोडवायचा नाही. पण दोन्ही बाजूंच्या बोलण्यातून एक गोष्ट आपोआप कबूल होते, की ज्यांनी वेल तोडली, विकली आणि प्यायली, त्यांतल्या बहुतेकांना ती ओळखता येत होती असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या जाणत्या कातकरी बाईपुढे ती काडी धरा. आधी ती अंगठ्याच्या नखानं वरची कागदासारखी पातळ साल खरवडील, आत हिरवं लागतं का बघेल. मग काडी आडवी कापून चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते का ते पाहील. खोडावर पुटकुळ्यांसारखे उंचवटे असले, कापल्यावर दुधाळ चीक आला, तर फेकून देईल. आणि हे सगळं झाल्यावर विचारील, कुणाला द्यायचीय? पोराला का म्हाताऱ्याला? ताप किती दिवसांचा आहे? दुकानात गुळवेलीच्या गोळ्यांची डबी मिळते, पण हे प्रश्न डबीत येत नाहीत.

आपल्याला मुळी हवी आहे, मुळी ओळखणारा माणूस नको आहे. आदिवासी वैद्यकाबद्दलच्या आपल्या सगळ्या वागण्याची मेख इथे आहे.

भगत म्हटलं की आपल्याकडे एका घरात नाक मुरडलं जातं आणि शेजारच्या घरात हात जोडले जातात. नाक मुरडणाऱ्यांच्या लेखी तो भोंदू, आणि त्याच्या झोळीत आहे तो सगळा पालापाचोळा. हात जोडणाऱ्यांच्या लेखी तो ऋषिमुनींचा वारस. त्याच्याकडे मधुमेहापासून कॅन्सरपर्यंत सगळ्यावर रामबाण इलाज आहे, फक्त औषधकंपन्या तो बाहेर येऊ देत नाहीत. या दोघांचं आपसात वैर आहे, तरी एका बाबतीत त्यांचं छान जुळतं. औषध खरोखर लागू पडतं का, हे तपासण्याचे कष्ट दोघांनाही नकोत. आणि लागू पडत असेल तर सांगणाऱ्याच्या पदरात काय पडलं, हा प्रश्न दोघांच्याही गावी नाही.

आधी हा माणूस कोण, ते तरी नीट पाहू. पालघरच्या वारली-कातकरी पाड्यांवर भगत, सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांमध्ये बडवा, मेळघाटच्या कोरकूंमध्ये भुमका, गडचिरोलीच्या गोंड-माडियांमध्ये पुजारी. नावं वेगळी, पण एकाच झोळीत अनेक कामं. गावदेवाची पूजा तोच बांधतो, पेरणीच्या आधी बियाणं तोच मंतरतो, कुणाला ‘बाहेरचं’ झालं असं तोच ठरवतो आणि जुलाबावर कुड्याची सालही तोच देतो. सातपुड्यात याच बडव्याच्या तोंडून एखाद्या विधवेचं नाव ‘डाकीण’ म्हणून निघतं आणि तिचं जगणं मुश्कील होतं, हेही विसरू नये. शिवाय झाडपाल्याचं पुष्कळसं ज्ञान भगताकडे नसतंच, ते बायकांकडे असतं. बाळंतपण, पाळीचे त्रास, लहान मुलांची पोटदुखी, अंगावरचं दूध हा सगळा प्रांत सुईणींचा आणि आज्यांचा. गडचिरोलीत काम करताना डॉ. राणी बंग यांनी तिथल्या बायकांचं झाडांशी असलेलं नातं त्यांच्याच तोंडून ऐकून ‘गोईण’ या पुस्तकात लिहिलं. गोईण म्हणजे मैत्रीण. आपल्याकडे जडीबुटीवर पुस्तकांची वाण नाही, पण सांगणाऱ्या बाईला समोर बसवून लिहिलेली पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकीच.

आता सर्पगंधा घ्या. या एका झुडपाच्या मुळीत आपल्या सगळ्या भांडणाचं उत्तर आहे.

ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या दोन कामांसाठी वापरली गेली, साप चावल्यावर आणि वेड लागल्यावर. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’च म्हणत. १९३१ मध्ये दिल्लीत सलिमुज्जमाँ सिद्दिकी यांनी तिच्यातून अल्कलॉइड वेगळी केली आणि एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून अजमलीन असं नाव दिलं. त्याच वर्षी कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी मनोविकारावर आणि रक्तदाबावर गुणकारी असल्याचं लिहिलं. मग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती वाढलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांना वर्षानुवर्षं देऊन पाहिली, पारा किती उतरला याच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केल्या. जगाचे डोळे विस्फारले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं त्यातून रेझरपिन काढलं. रक्तदाबावर भरवशाचं म्हणावं असं औषध त्या काळी जवळपास नव्हतंच. वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

म्हणजे वेडावरचा दावा बऱ्याच अंशी खरा निघाला. रक्तदाबाचा दावा तर जुन्या वैद्यांनी केलाही नव्हता, कारण रक्तदाब मोजायचं साधनच त्यांच्याकडे नव्हतं. आणि साप? सापाच्या विषावर सर्पगंधेचा उपयोग होतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. एकाच मुळीबद्दलची एक गोष्ट जगाच्या औषधशास्त्राला वळण देणारी, दुसरी माणूस मारणारी. दोन्ही एकाच तोंडून, तितक्याच खात्रीनं सांगितल्या गेल्या. नाक मुरडणाऱ्यांनी दोन्ही टाकून दिल्या असत्या, हात जोडणाऱ्यांनी दोन्ही डोक्यावर घेतल्या असत्या. वकिलांनी त्यांतलं काहीच केलं नाही, त्यांनी मोजलं. मोजल्यामुळे औषधाचे दोषही कळले. रेझरपिननं काही रुग्णांना खोल नैराश्य येतं हे लक्षात आलं आणि पुढे चांगली औषधं आल्यावर ते मागे पडलं. झुडपाचं काय झालं? जगाची मागणी आल्यावर ते रानारानांतून उपटलं गेलं. मुळीसाठी उपटायचं म्हणजे झाड जिवानिशी जातं. आज सर्पगंधेचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या ‘साइट्स’च्या यादीत आहे.

साप निघालाच आहे, तर तो विषय अर्धवट सोडता येणार नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं गेली, असा अंदाज मृत्यूंच्या मोठ्या पाहणीतून निघाला आहे. मरणारी माणसं बहुतेक खेड्यांतली. भात लावणारी, गवत कापणारी, जमिनीवर झोपणारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावर उतारा एकच, प्रतिसर्पविषाचं इंजेक्शन. मग भगताकडे नेलेली माणसं वाचतात कशी? कारण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असं नाही. अशा दहा जणांना मुळी उगाळून पाजली तर दहाही उठून बसतात आणि भगताचं नाव पंचक्रोशीत होतं. अकरावा येतो तो मण्यार चावलेला. रात्री झोपेत चावा, जागेवर ना सूज ना आग. पहाटे पापण्या जड होतात, जीभ अडखळते, आणि त्याचा वेळ मुळी उगाळण्यात जातो. २०१३ च्या आपल्या जादूटोणाविरोधी कायद्यानं कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला, ते योग्यच झालं. त्या कायद्यासाठी डॉ. दाभोलकरांनी आयुष्य वेचलं आणि शेवटी प्राण दिले. तो कायदा बोथट करायला कुणी ‘परंपरे’चं नाव पुढे करत असेल, तर त्याला माझा ठाम विरोध आहे.

पण कायदा गुन्हेगार पकडतो, रुग्णवाहिका आणत नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्यानं डागण्या दिल्याची बातमी अधूनमधून येते. आपण वर्तमानपत्र वाचत चुकचुकतो, भुमक्याला शिव्या घालतो. घालायलाच हव्यात, त्या बाळाच्या कातडीवर उठलेल्या फोडांना कुठल्याही संस्कृतीचं पांघरूण घालता येत नाही. फक्त पुढचा प्रश्नही विचारावा. रात्री दोन वाजता त्या आईनं जायचं कुठे? उपकेंद्राला कुलूप, नदीला पूर, मोबाइलला रेंज नाही, आणि कसंबसं तालुक्याला पोचलं तर खिडकीतला माणूस तिच्या कोरकू बोलण्यावर खेकसणार. भुमका दार उघडतो, तिच्या भाषेत बोलतो, बाळाला हात लावतो, पैशासाठी अडवत नाही. त्याच्यावर विश्वास बसायला तेवढं पुरतं.

या कोंडीतून वाट निघते हे गडचिरोलीनं दाखवलं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. श्वास मोजणं, वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्गाची चिन्हं ओळखणं आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणं हे त्या शिकल्या. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात ती पद्धत आली. ज्या बायकांचं शिक्षण जेमतेम शाळेपुरतं होतं त्यांना हे जमलं. मग पन्नास झाडं पानावरून, सालीवरून आणि वासावरून ओळखणाऱ्या भुमक्याला न्यूमोनियाचा श्वास ओळखायला शिकवता येणार नाही, असं कोण म्हणेल? त्याला शत्रू ठरवलं तर तो रुग्ण लपवतो. त्याला सन्मानानं बोलावून, ‘या पाच लक्षणांत तुम्ही हात लावायचा नाही, आमच्याकडे धाडायचं, आणि धाडल्याबद्दल तुमचं मानधन’ असं ठरवलं, तर त्याच्याइतका कामाचा माणूस त्या डोंगरात दुसरा नाही.

सापाच्याच बाबतीत तमिळनाडूच्या इरुळांचं उदाहरण आहे. साप पकडून त्यांची कातडी विकणं हा त्यांचा पोटाचा धंदा होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो बंद पडला. १९७८ मध्ये चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आता ते साप पकडतात, विष काढून घेतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. देशातल्या प्रतिसर्पविषासाठी लागणारं विष प्रामुख्यानं तिथून येतं. २०२३ मध्ये त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना पद्मश्री मिळाली. मुळी उगाळून साप उतरवण्याचा दावा टिकला नाही, पण मातीवरच्या सरपटीवरून बिळात कोणता साप आहे हे सांगणारी नजर टिकली, आणि तिच्यावर हजारोंचे प्राण वाचतात.

‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य ज्या दिवशी मराठी घरांतून हद्दपार होईल त्या दिवशी भगताचा खरा मान राखला जाईल, असं मला वाटतं. कारण कुठलाही जाणता वैदू हे वाक्य बोलत नाही. बिब्ब्याचंच बघा. भेगाळलेल्या टाचेला बिब्बा लावायचा तर सुईनं टोचून तो दिव्यावर धरतात, तेल सुटलं की नेमकं भेगेत टेकवतात, आजूबाजूच्या कातडीला थेंब लागू देत नाहीत. तरी आधी विचारतात, ‘तुम्हाला बिब्बा उततो का?’ उतला तर अंगभर फोड येतात, खाजून जीव नकोसा होतो. श्रावणात कोकणच्या कुंपणांवर पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारखी फुलं घेऊन उभी असते ती कळलावी. अडलेल्या बाळंतिणीसाठी तिचा कंद वापरत. तिच्यात कोल्चिसीन असतं, जे आजही संधिवाताच्या एका प्रकारावर डॉक्टर मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. तोच कंद रताळं समजून खाल्ला तर माणूस दगावतो. वनस्पतीत औषध असतं ते तिच्यात रसायन असतं म्हणून, आणि रसायन म्हटलं की मात्रा आली. आपल्या खोकल्याच्या बाटलीवर ब्रोमहेक्सिन किंवा अँब्रोक्सॉल लिहिलेलं असतं; ती औषधं घडवताना नमुना होता तो अडुळशातल्या व्हॅसिसिनचा. अडुळशाचा पाला चुलीवर वाफवून रस काढणाऱ्या आजीला आपण ‘गावठी’ म्हणालो आणि तेच चमच्यानं मोजून विकत घेतलं.

आता पैशाकडे येऊ. इथे आपली नीतिमत्ता फारच पातळ होते.

१९८७ मध्ये केरळच्या अगस्त्यमलै डोंगरात डॉ. पुष्पंगदन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांची तुकडी फिरत होती. वाट दाखवायला काणी जमातीचे तरुण होते. शास्त्रज्ञ चढून चढून घायकुतीला आले, पण हे गडी ताजेतवाने. ते मधूनमधून कसली तरी फळं तोंडात टाकत होते. विचारलं तर सांगेनात. जमातीबाहेर सांगायची रीत नव्हती. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर झाड दाखवलं ते आरोग्यपच्चा. त्यावर काम करून तिरुवनंतपुरमजवळच्या वनस्पती उद्यान संस्थेनं ‘जीवनी’ नावाचं शक्तिवर्धक बनवलं, कोइमतूरच्या एका औषधनिर्मात्याला ७ वर्षांसाठी परवाना दिला, १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन ठरलं. आणि संस्थेनं ठरवलं की यातला अर्धा वाटा काणींचा. कुठल्याही कायद्याची सक्ती नसताना! १९९७ मध्ये काणींचा विश्वस्त निधी नोंदला गेला. जगभर वाहवा झाली, पुष्पंगदन यांचा संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्कारानं गौरव झाला.

ही गोष्ट भाषणांत इथेच संपवतात. पुढची हकिकत जास्त शिकवणारी आहे. ज्या तरुणांनी झाड दाखवलं त्यांना ते दाखवायचा अधिकार होता का, असा सवाल काणींच्या काही प्लाथींनी, म्हणजे त्यांच्या वैद्यांनी, केला. ज्ञान सगळ्या जमातीचं, मग होकार दोघा-तिघांचा कसा चालतो? दुसरी अडचण वनखात्याची. आरोग्यपच्चा दाट रानाच्या सावलीत वाढतं; काणींनी त्याची पानं गोळा करायला आणि रानात लागवड करायला खात्यानं अडथळे आणले. म्हणजे स्वामित्वधनात काणींचा वाटा कागदावर, आणि ज्या पानांवर ते स्वामित्वधन उभं राहायचं त्या पानांना हात लावायला मनाई. परवान्याची मुदत संपल्यावर सगळं रेंगाळलं. हेतू स्वच्छ असूनही गाडं रुतलं, कारण रानाची मालकी आणि ज्ञानाची मालकी एकाच माणसाकडे नव्हती.

आपल्याकडे निदान तोंडदेखला कायदा आहे. २००२ चा जैवविविधता कायदा म्हणतो की अशा संसाधनांतून व्यापारी नफा मिळवणाऱ्यानं त्यातला वाटा स्थानिकांना द्यावा. २००६ चा वनहक्क कायदा गौण वनोपजाची मालकी देतो आणि जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्कही मान्य करतो. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं भारतीय कंपन्यांनाही हा वाटा द्यावाच लागेल असा निकाल दिला. आणि मग जैवविविधता कायद्यात २०२३ ची दुरुस्ती आली. संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि आयुष वैद्यांना वाटा देण्यातून सूट मिळाली.

हे नीट समजून घ्यावं. पोथीत लिहिलेलं ज्ञान सगळ्यांचं, म्हणून त्यावर कुणाचं देणं नाही. पण पोथीत ते आलं कुठून? चरकसंहिता स्वतःच सांगते की रानातल्या औषधी नावानं आणि रूपानं ओळखतात ते शेळ्या-मेंढ्या आणि गुरं राखणारे, वनात राहणारे लोक. चरक पुढे असंही बजावतात, की नुसती ओळख पुरेशी नाही, वापर कळला तर तो वैद्य. तेही खरंच आहे. पण ऋण त्यांनी कबूल केलं. ते कबूल करायला आजचा कारखानदार तयार नाही. हळदीवरचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये माशेलकरांनी रद्द करून घेतलं तेव्हा आपण गुढ्या उभारल्या. परक्यानं नेलं की चोरी, आपल्यातल्यानं नेलं की परंपरा.

नरक्या नावाच्या झाडाची गोष्ट तर अगदी घरची. १९६६ मध्ये मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं. कॅन्सरवरची टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधं त्यातून घडली. हे मनसुख वाणी जन्मले आपल्या नंदुरबारमध्ये. पुढे तेच रसायन सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडलं आणि झाडावर कुऱ्हाड चालू लागली. तोडणारा धनगर किंवा कातकरी गडी दिवसाच्या मजुरीवर, रात्री ट्रक घाटाखाली, माल परदेशात. पकडला जातो तो कुऱ्हाडवाला.

खरं सांगायचं तर भगत आपलं औषध लपवतो त्यात नवल ते काय? ‘सांगितलं तर गुण जातो’ ही समजूत महाराष्ट्रभर आहे, तिला आपण खुळचट म्हणतो. पण ज्याच्याकडे ना वकील ना कागद, त्याच्यापाशी गुपित हेच पेटंट असतं. गंमत अशी, की याच माणसाची दुसरी समजूतही आहे, औषधाचे पैसे घेतले तर ते लागू पडत नाही. म्हणून तो नारळ घेतो, पायलीभर तांदूळ घेतो, फार तर कोंबडी. या गुपिताची किंमत मात्र जबर आहे. म्हातारा मरतो, मुलगा वापीच्या कंपनीत कामाला गेलेला असतो, आणि ती मुळी कुणाची, कशावरची हे सांगायला पाड्यावर कोणी उरत नाही. आदिवासी तरुणांना माझं सांगणं आहे की हे ज्ञान आजा-आजीकडून लिहून घ्या, आणि लिहिताना त्यातलं भूतबाधेचं, डाकिणीचं आणि डागण्यांचं बाड बेलाशक जाळून टाका. आपल्या घरातल्या चुकीच्या रूढीवर बोट ठेवायचा पहिला हक्क तुमचा आहे, बाहेरून आलेल्या आमचा नंतर.

लिहून घ्यायची सरकारी सोय आहे, लोकजैवविविधता नोंदवही. गावानं आपलं रान, आपलं बियाणं, आपली औषधं स्वतः नोंदवावीत ही त्यामागची कल्पना, डॉ. माधव गाडगीळ यांनी ती हिरिरीनं मांडली. वर्षानुवर्षं काम रखडलं. मग हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, चुकणाऱ्या राज्यांना महिना १० लाखांचा भुर्दंड ठरवला, आणि बघता बघता देशभर अडीच लाखांहून जास्त वह्या तयार झाल्या. इतक्या घाईत म्हाताऱ्या भगताच्या ओट्यावर कोण किती वेळ बसलं असेल, हे ज्यानं त्यानं आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन पाहावं. वहीत तुळस, कोरफड, अश्वगंधा अशी कुठल्याही पुस्तकात मिळणारी यादी असेल आणि त्या गावच्या रानातलं एकही नाव तिथल्या बोलीत नसेल, तर ती ग्रामसभेनं परत पाठवावी. गुपित राखायचा भाग राखूनही वही लिहिता येते. काय उघड करायचं आणि काय नाही, हे ग्रामसभा ठरवू शकते.

तपासणीचा बाऊ करण्याचंही कारण नाही. प्रत्येक वेळी कोट्यवधींची प्रयोगशाळा लागत नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर विंचू चावलेल्यांच्या खाटेशी रात्र-रात्र बसले, नाडी आणि घाम टिपत राहिले, आणि त्यांचं लेखन ‘लॅन्सेट’नं छापलं. आदिवासी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ‘आधी कुठलं औषध घेतलं?’ हे न खेकसता विचारलं आणि नीट लिहून ठेवलं, तरी पाच वर्षांत कुठल्या पाल्यानं गुण आला आणि कुठल्यानं मूत्रपिंड गेलं याचा अंदाज येऊ लागेल. राज्यात आयुर्वेदाची इतकी महाविद्यालयं आहेत; त्यांच्या विद्यार्थ्यांनी अश्वगंधेवर शंभरावा प्रबंध लिहिण्यापेक्षा मोखाड्याच्या किंवा धडगावच्या एका भगताबरोबर एक पावसाळा काढावा, आणि त्या प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून त्याचंही नाव छापावं.

यावर एक शंका मला नेहमी विचारली जाते. तपासलं आणि निम्मी औषधं निकामी ठरली, तर? ठरोत. निम्म्याहून जास्तही ठरतील कदाचित. डॉक्टरांच्या जुन्या औषधांचंही तेच झालं. मात्र तो निकाल भगताला दुसऱ्या कुणाच्या आधी कळला पाहिजे. आणि तो इंग्रजी नियतकालिकातून किंवा पोलिसपाटलाकडून कळता कामा नये. ज्यांनी त्याच्या ओट्यावर बसून औषध विचारून घेतलं, त्यांनीच परत जाऊन, त्याच ओट्यावर, वारलीत, पावरीत किंवा कोरकूत सांगावं, की दादा, ही साल चालते, ही मुळी चालत नाही, आणि ही कशी पाहिली ते असं. तो वाद घालील. घालू द्यावा, आणि त्यानं काढलेल्या चुका वहीत लिहून घ्याव्यात.